नाक दाबलं की तोंड उघडतं का? अणुबाँब, आर्थिक निर्बंध आणि आपलं सोलापूर

टॉवेलहिशोब | रवि, ५ ऑक्टोबर २०२५, रात्री ९:१०

मी गेली बावीस वर्षं अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघतो. राजकारणावर धागा काढायची ही पहिलीच वेळ. निमित्त असं, की २८ सप्टेंबरला इराणवरचे संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध परत लागू झाले. इराणनं अणुकार्यक्रम आवरायचा आणि बदल्यात निर्बंध उठायचे, अशा २०१५ च्या करारानं बाजूला ठेवलेले सहाच्या सहा ठराव पुन्हा जिवंत झाले. बातमी वाचली आणि मी कपाटातून २०१२ ची एक फाइल काढून बसलो.

त्या वर्षी दुबईच्या एका व्यापाऱ्याला आम्ही दोन कंटेनर टॉवेल पाठवले होते. तो माल पुढं बंदर अब्बासला आणि तिथून आत शिराझकडं जायचा. हे आम्हाला माहीत होतं, आणि टॉवेल विकायला कुणाची मनाईही नव्हती. पहिला हप्ता वेळेवर आला. मग ऑक्टोबरात इराणचं रियाल आठवड्याभरात कोसळलं. त्याच्या गिऱ्हाइकांना डॉलर मिळेनात. त्यानं दुसऱ्या खात्यातून पैसे पाठवून बघितले, तर आमच्या बँकेनं ते अडवून पत्र धाडलं: माल शेवटी कुठं जातो, कोण वापरतो, लेखी द्या. दिलं. परत पत्र. परत दिलं. शेवटी पैसे आले तसे माघारी गेले.

रात्रपाळी बंद झाली. बारा माग उभे राहिले. माग उभा राहिला की सगळ्यात आधी कांडी भरणाऱ्या, म्हणजे मागासाठी सूत गुंडाळून देणाऱ्या बायकांचं काम जातं. त्या सात जणींना सांगायला मालकांनी मलाच पाठवलं होतं. एकीनं विचारलं, "भाऊ, आमचं काय चुकलं?" मी म्हणालो, "इराण अणुबाँब करतोय म्हणतात, म्हणून." त्यावर ती काहीच बोलली नाही.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. या सात जणींचा रोज बुडाला, त्यानं तिकडचं एक तरी यंत्र थांबलं का? मी आकडे बघितले. एप्रिल २००६ मध्ये इराणनं पहिल्यांदा युरेनियम समृद्ध केलं, म्हणजे अणुभट्टीला किंवा बाँबला चालेल असं कसदार केलं. तेव्हा त्यांच्या नतांझच्या अणुकेंद्रात ते काम करणारी १६४ गरगर फिरणारी यंत्रं, म्हणजे सेंट्रिफ्यूज, एका साखळीत फिरत होती. २००६ पासून २०१० पर्यंत निर्बंधांचा एकेक ठराव येत गेला. २०१३ पर्यंत यंत्रं झाली एकोणीस हजारांच्या आसपास.

बाँब होऊ नये असं मलाही मनापासून वाटतं. पण मग हा उपाय लागू पडतो का? पडत असेल तर कुठं पडला? जाणकारांनी सांगावं.

निवृत्त_मास्तर | रवि, ५ ऑक्टोबर, रात्री १०:४२

हिशोबराव, फार चांगला धागा. तीस वर्षं हा विषय मुलांना शिकवला, पण कांडीवाल्या बाईंनी विचारलेला प्रश्न कधी परीक्षेत घातला नाही. घालायला हवा होता.

आधी एक गोष्ट. निर्बंध जिथं यशस्वी होतात ती उदाहरणं सहसा पेपरात येत नाहीत, कारण तिथं निर्बंध लावायची वेळच येत नाही. दक्षिण कोरिया घ्या. १९७० च्या दशकात तिथले राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांनी गुपचूप बाँबची तयारी चालवली होती. बाँबला लागणारं प्लुटोनियम वेगळं काढण्याचा कारखाना फ्रान्सकडून घ्यायचं ठरलं होतं. अमेरिकेनं काय केलं? कोरीच्या अणुवीज केंद्रासाठी जे कर्ज मिळणार होतं ते अडेल असं सांगितलं, आणि सैन्याच्या मैत्रीचाही फेरविचार करावा लागेल असं सुचवलं. १९७६ च्या सुरुवातीला कोरियानं फ्रान्सचा सौदा सोडला. तैवानचंही थोड्याफार फरकानं तसंच झालं, आधी १९७६-७७ मध्ये आणि मग कायमचं १९८८ मध्ये.

का झालं? कारण हे दोन्ही देश अमेरिकेवर विसंबून होते. बाजारपेठ तिची, कर्ज तिचं, संरक्षण तिचं. ज्याची उधारी तुमच्या दुकानात चालते त्याला तुम्ही उधारी बंद करायची भीती घालू शकता. जो वीस वर्षं तुमच्या दुकानाची पायरी चढला नाही, त्याला काय सांगणार? इराणशी अमेरिकेचा व्यवहार १९७९ नंतर जवळपास तुटलेलाच होता. उत्तर कोरियाशी तर कधी नव्हताच. त्यांच्यावर २००६ पासून ठरावांमागून ठराव झाले, २०१७ पर्यंत कोळसा, लोखंड, कापड, मासळी सगळं बंद केलं, आणि तेवढ्याच काळात त्यांनी सहा चाचण्या उरकल्या.

भीती दाखवून काम होतं ते अजून काही तुटलेलं नसतं तोवर. सगळं तोडून झाल्यावर हातात दाखवायला भीती उरत नाही.

सांगोला_डाळिंब | सोम, ६ ऑक्टोबर, सकाळी ६:०५

मास्तर, आमच्याकडं ह्याला वाळीत टाकणं म्हणत्यात. आज्याच्या टायमाला गावात एका घराला वाळीत टाकलं हुतं, बांधाच्या भांडणावरनं. पाणी बंद, गिरणी बंद, न्हावी बंद. ते घर नमलं न्हाई. शेजारच्या गावात दळण न्यायला लागले, सोयरीक तिकडंच केली, आन् शेवटाला जमीन विकून तिकडंच गेले. बांध हुता तिथंच हाय अजून.

कर्वेनगरातला_सोलापूरकर | सोम, ६ ऑक्टोबर, सकाळी ११:३०

वाळीत टाकायला आता कायद्यानं बंदी आहे, २०१६ चा महाराष्ट्राचा कायदा आहे. देशांना मात्र तो लागू नाही.

वाळीत टाकलेलं घर काय करतं हे बघायला लांब जायला नको. आपणच ते घर होतो. १९७४ च्या पोखरणनंतर कॅनडानं हात काढला आणि राजस्थानातली दुसरी अणुभट्टी रखडली. तारापूरचं इंधन अमेरिकेनं थांबवलं, तेव्हा १९८२ मध्ये फ्रान्सशी करार करून ते मिळवावं लागलं. पुढं क्रे कंपनीचा आपल्याला हवा तो महासंगणक मिळेना, म्हणून १९८८ मध्ये पुण्यात सीडॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था सुरू झाली आणि १९९१ मध्ये 'परम ८०००' हा आपला महासंगणक उभा राहिला. माझे काका तेव्हा पुण्यातच नोकरीला होते. त्या दिवसांबद्दल बोलताना अजून त्यांचा गळा दाटतो.

पण मला इथं अभिमानाच्या पलीकडचं एक खरं सांगायचंय, कारण ते आपण सांगत नाही. क्रायोजेनिक इंजिनाचं, म्हणजे अतिथंड इंधनावर चालणाऱ्या रॉकेटच्या इंजिनाचं बघा. रशियाकडून इंजिनासोबत त्याचं तंत्रज्ञानही येणार होतं. १९९२ मध्ये अमेरिकेनं इस्रो आणि ते विकणारी रशियाची ग्लावकॉसमॉस दोघांवर निर्बंध घातले, मग रशियानं तयार इंजिनं दिली पण तंत्रज्ञान दिलं नाही. आपल्या स्वतःच्या क्रायोजेनिक इंजिनावर यशस्वी उड्डाण झालं ५ जानेवारी २०१४ ला. म्हणजे वीस वर्षांहून जास्त काळ गेला. "निर्बंधांनी आपलं काही बिघडलं नाही" असं म्हणणाऱ्यांनी ही वीस वर्षं मोजावीत.

तेव्हा दोन गोष्टी वेगळ्या ठेवू या. एक, विशिष्ट वस्तू न देणं: खास पोलाद, पंप, इंजिन, संगणक. यानं काम थांबत नाही, पण लांबतं, महाग होतं. दुसरी, अख्ख्या देशाचा व्यापार बंद करणं, जी टॉवेलहिशोब यांच्या कारखान्यापर्यंत पोचली. पहिलीचा परिणाम मी डोळ्यांनी बघितलाय, अगदी आपल्यावर झालेला. दुसरीबद्दल मला शंका आहे.

होटगी_रोड | सोम, ६ ऑक्टोबर, दुपारी ३:१५

माझं मत सरळ आहे. ज्यांच्याकडं हजारोंनी बाँब आहेत त्यांनी दुसऱ्याला उपाशी मारून "तू करू नको" म्हणायचं, हा न्याय नाही. १९९८ चा मे महिना आठवा. ११ आणि १३ तारखेला स्फोट झाले. कडक ऊन होतं, तरी नवी पेठेत लोक रस्त्यावर येऊन साखर वाटत होते. माझ्या वडिलांनी गिरणीच्या पगारातून पेढे आणले. लगेच अमेरिकेचे निर्बंध, जपाननं कर्ज थांबवलं, जागतिक बँकेची कर्जं अडली. आपण काय केलं? त्याच ऑगस्टात स्टेट बँकेनं परदेशातल्या भारतीयांसाठी रिसर्जंट इंडिया बाँड काढले, चार अब्ज डॉलरच्या वर पैसा आला. आणि २२ सप्टेंबर २००१ ला त्यांनीच ते निर्बंध उठवले, कारण त्यांना आपली आणि पाकिस्तानची गरज लागली.

उलट ज्यांनी ऐकलं त्यांचं काय झालं? लिबियानं डिसेंबर २००३ मध्ये सगळा अणुकार्यक्रम देऊन टाकला. २०११ मध्ये गद्दाफी मारला गेला. युक्रेननं १९९४ च्या बुडापेस्ट करारात कागदावरच्या हमीवर अण्वस्त्रं सोडली. आज तिथं काय चाललंय ते रोज बघतो. हे बघून कुठला देश म्हणेल की मी बाँब सोडतो?

कन्ना_चौक | सोम, ६ ऑक्टोबर, रात्री १०:५०

होटगी रोड दादा, तुमचा राग समजतो. पण तुमचा हिशोब देशा-देशांत चाललाय, आणि धागा सुरू झाला कांडी भरणाऱ्या बायकांपासून. मी पूर्व भागातली आहे. माझी आई कांडी भरायची आणि अम्मम्मा, म्हणजे आजी, विड्या वळायची. आता मी औषधाच्या दुकानात काम करते, म्हणून मला जे कळतं तेवढं लिहिते.

इराकवर ऑगस्ट १९९० मध्ये निर्बंध आले, ६६१ नंबरचा ठराव. औषधं वगळली होती, कागदावर. अन्न पण नाइलाज असेल तर चालेल असं होतं. पण तेल विकायला बंदी, मग औषध विकत घ्यायला पैसे कुठले? तेलाच्या बदल्यात अन्न ही योजना १९९६ च्या शेवटी सुरू झाली. मधली सहा वर्षं लोकांनी कशी काढली असतील? पाणी शुद्ध करायचं क्लोरीनसुद्धा तपासून, मोजून, उशिरानं जायचं, कारण त्याच क्लोरीनचा विषारी वायू करता येतो. तिथं योजना सांभाळणारे संयुक्त राष्ट्रांचे अधिकारी डेनिस हॅलिडे यांनी १९९८ मध्ये राजीनामा दिला आणि त्यांच्या जागी आलेल्या हान्स फॉन स्पोनेक यांनी २००० मध्ये. दोघांनीही कारण हेच सांगितलं, की आम्ही सामान्य माणसांना शिक्षा करतोय.

आणि सद्दाम? त्यानं रेशन सुरू केलं. महिन्याचं पीठ, तेल, साखर, चहा सरकारी एजंटकडून. ज्याच्या हातात पिठाचा डबा त्याच्याविरुद्ध कोण बोलणार? लोक आधीपेक्षा जास्त त्याच्या मुठीत गेले.

इराणमध्ये पण औषधाला मनाई नव्हती. पण पैसे पाठवणारी बँक घाबरते, जहाज घाबरतं, कंपनी घाबरते. तिथं एका त्वचेच्या आजाराची लेकरं आहेत, हात लावला तरी कातडी सुटते. त्यांना लागणारी खास पट्टी युरोपातली एक कंपनी द्यायची. २०१८ नंतर तिनं माल पाठवणं थांबवलं. ती पट्टी न चिकटणारी असते. साधी पट्टी लावली तर काढताना सोबत कातडी येते. मी दुकानात अशा पट्ट्या हाताळते, म्हणून मला हे वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही.

बार्शीचा_खलाशी | मंगळ, ७ ऑक्टोबर, पहाटे ४:२०

कन्ना चौक ताई म्हणतात ती "बँक घाबरते" ही गोष्ट जहाजावरून कशी दिसते ते सांगतो. मी टँकरवर होतो.

लोकांना वाटतं की निर्बंध म्हणजे समुद्रात कुणीतरी युद्धनौका आडवी घालतं. तसं नसतं. विम्याचा कागद नसतो, एवढंच. जगातल्या बहुतेक मोठ्या टँकरचा अपघाताचा आणि तेलगळतीचा विमा जहाजमालकांच्या मोजक्या विमा क्लबांकडं असतो, आणि त्यांचा पसारा मुख्यतः लंडन आणि युरोपात. १ जुलै २०१२ पासून युरोपनं इराणी तेल घेणं बंद केलं आणि त्याच वेळी ते तेल नेणाऱ्या जहाजांचा विमाही बंद केला. विमा नाही तर बंदर आत घेत नाही, मालक जहाज सोडत नाही. त्याआधी मार्चमध्येच इराणी बँकांना स्विफ्टमधून काढलं होतं, म्हणजे बँकेनं बँकेला निरोप द्यायचा रस्ताच बंद. गोळी न झाडता इराणची तेलनिर्यात वर्षभरात जवळपास निम्म्यावर आली.

भारतानं तेव्हा यूको बँकेत रुपयांचं खातं उघडून तेलाच्या पैशातला ४५ टक्के हिस्सा तिथं भरायला सुरुवात केली, आणि त्या रुपयांतून इराणनं आपला बासमती घेतला. टॉवेलहिशोब, तुमचा व्यापारी दुबईच्या वाटेनं न येता थेट इराणमधून या खात्याच्या वाटेनं आला असता तर कदाचित तुमचे पैसे निघाले असते.

टॉवेलहिशोब | मंगळ, ७ ऑक्टोबर, सकाळी ८:०२

खलाशीदादा, हे मला तेरा वर्षांनी कळतंय. तेव्हा बँकेत कुणी सांगितलं असतं तर! आमच्यासारख्या लहान कारखान्याला कोण सांगतो.

निवृत्त_मास्तर | मंगळ, ७ ऑक्टोबर, रात्री ९:३५

कन्ना चौक, बेटा, तुझी पोस्ट तीनदा वाचली.

इराकबद्दल एक जोड देतो, ती कुणाच्याच सोयीची नाही. २००३ च्या युद्धानंतर अमेरिकेच्याच शोधपथकानं सगळा देश धुंडाळला. २००४ च्या अहवालात त्यांनी लिहिलं की इराकचा अणुकार्यक्रम १९९१ मध्येच संपला होता. म्हणजे तपासनीस आणि निर्बंध मिळून काम झालं होतं. पण ज्यांनी निर्बंध लावले त्यांनाच ते दिसलं नाही, आणि दिसलं नाही म्हणून निर्बंधही सुटले नाहीत आणि शेवटी युद्धही झालं. सद्दामनं काहीही केलं असतं तरी निर्बंध उठणार नाहीत असं अमेरिकेतले मंत्री उघड बोलत होते. मग त्यानं तरी तपासनिसांना दार का उघडावं?

होटगी रोड, लिबियाबाबत तुमचं वाक्य अर्धं बरोबर आहे. २००३ मध्ये लिबियानं सोडलं, कारण १९९९ मध्ये लॉकरबीच्या विमानस्फोटातल्या संशयितांना सोपवल्यावर संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध खरोखर स्थगित झाले होते. बोलल्याप्रमाणे मिळतं हे त्यांनी अनुभवलं होतं. पुढं २०११ मध्ये जे झालं त्यानं ती सगळी पुण्याई गेली, हे मात्र तुम्ही म्हणता तसंच.

आणि बहिष्कार हे आपलंही शस्त्र होतं बरं का. १९३० मध्ये याच सोलापुरात लोकांनी विदेशी कापड सोडलं, मार्शल लॉ सोसला, आणि जानेवारी १९३१ मध्ये आपले चार हुतात्मे फासावर गेले. पण त्या बहिष्काराची किंमत बहिष्कार घालणाऱ्यानं स्वतः मोजली होती. १९९८ मध्ये बघा: पाकिस्तानवर निर्बंध लागताच अमेरिकेतल्या गव्हाच्या शेतकऱ्यांनी ओरड केली, कारण त्यांचा पांढरा गहू पाकिस्तान घ्यायचा. दोन महिन्यांच्या आत, जुलैमध्ये, त्यांच्या संसदेनं शेतमालाच्या कर्जाला सूट दिली. किंमत स्वतःच्या दारी आली की निर्धार कितपत टिकतो ते तिथं दिसलं.

सांगोला_डाळिंब | बुध, ८ ऑक्टोबर, सकाळी ५:५०

धाग्याचं नाव वाचून सांगतो. आमी बैलाला औषध पाजतो तवा काय करतो? एक जण वेसण धरून मान वर करतो, नाक दाबतो. तोंड उघडलं की दुसरा बांबूच्या नळीनं औषध सोडतो. आन् औषध गेलं की लगेच नाक सोडायचं, मानंवर थाप मारायची, थोडी पेंड पुढं करायची. तोंड उघडल्यावर बी नाक दाबूनच ठिवलं तर औषध छातीत जातंय, जनावर मरतंय. आन् मेलं न्हाई तर परत आयुष्यात वेसणीला हात लावू देत न्हाई.

कर्वेनगरातला_सोलापूरकर | बुध, ८ ऑक्टोबर, दुपारी १:१०

दादा, या एका उदाहरणात २०१५ आणि २०१८ दोन्ही आले!

१४ जुलै २०१५ चा करार झाला तो नुसत्या निर्बंधांनी नाही. आधीची कित्येक वर्षं मागणी होती की इराणनं समृद्धीकरण शून्यावर आणावं, आणि ते होत नव्हतं. २०१३ मध्ये इराणचे अध्यक्ष म्हणून रूहानी आले, आणि अमेरिकेनंही मान्य केलं की थोडं समृद्धीकरण त्यांच्या भूमीवर चालेल. मग गाडी हलली. नतांझला ५०६० सेंट्रिफ्यूज, शुद्धता ३.६७ टक्क्यांपर्यंत, साठा ३०० किलो. अकरा हजार किलोंहून जास्त युरेनियम डिसेंबर २०१५ मध्ये जहाजात भरून रशियाला गेलं. १६ जानेवारी २०१६ ला निर्बंध उठले. टॉवेलहिशोब यांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर हो, यंत्रं थांबली. नाक दाबलं होतं आणि सोडायची तयारीही होती, तेव्हा थांबली.

मग ८ मे २०१८. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे तपासनीस दर वेळी सांगत होते की इराण अटी पाळतोय, तरी ट्रम्प यांनी करार सोडला. तोंड उघडलेलं असताना परत नाक दाबलं. जुलै २०१९ मध्ये इराणनं ३०० किलोंची मर्यादा ओलांडली, एप्रिल २०२१ मध्ये शुद्धता ६० टक्क्यांवर नेली, आणि या वर्षी जूनमध्ये बाँब पडायच्या आधी त्या शुद्धतेचा साठा ४०० किलोंच्या वर होता. आता सप्टेंबरात तेच जुने ठराव परत. या वेळी समोरच्याचा विश्वास कशावर बसणार?

होटगी_रोड | बुध, ८ ऑक्टोबर, रात्री ८:४५

एवढं मी मान्य करतो. २०१५ चा करार टिकला असता तर माझं लिबियाचं उदाहरण लंगडं पडलं असतं. पण तो मोडला कुणी, हेही तुम्ही सगळ्यांनी मान्य करा.

कन्ना_चौक | बुध, ८ ऑक्टोबर, रात्री ११:२०

मान्य आहे. आणि तिथले राज्यकर्ते आपल्या लोकांना, बायकांना कसे वागवतात ते पण मला मान्य नाही. दोन्ही एकदम खरं असू शकतं.

मला वाटतं की निर्बंध लावणाऱ्यानं पहिल्याच दिवशी तीन कागद द्यावेत: काय केलं की उठतील, औषधाचे पैसे कोणत्या बँकेतून जातील, आणि तपासायला कोण येणार. औषधाची बँक नाव घेऊन ठरवली पाहिजे. नाहीतर "औषध वगळलं आहे" या वाक्याला काही अर्थ नाही.

टॉवेलहिशोब भाऊ, एक विचारायचं राहिलं. त्या सात जणींचं पुढं काय झालं?

टॉवेलहिशोब | गुरु, ९ ऑक्टोबर, सकाळी ६:४०

ताई, काल रात्री वाचलं पण लगेच लिहवेना.

२०१६ च्या मार्चमध्ये त्याच दुबईवाल्याचा फोन आला. जुन्या येण्यातले निम्म्याहून थोडे जास्त पैसे त्यानं स्वतःहून पाठवले आणि नवी ऑर्डर दिली. रात्रपाळी सुरू झाली. मी स्वतः गेलो होतो निरोप द्यायला. सात जणींतल्या चौघी परत आल्या. दोघी विड्यांवर गेल्या होत्या, तिथंच राहिल्या. एक, जिनं मला तो प्रश्न विचारला होता, ती मुलाकडं भिवंडीला गेली होती. ती आली नाही.

२०१८ च्या शेवटी त्याच्या ऑर्डर पुन्हा बंद झाल्या. तोवर आम्ही अमेरिकेचं गिऱ्हाईक धरलं होतं म्हणून तरलो. आणि २०२५ च्या २७ ऑगस्टपासून त्याच अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के कर लावला. त्यातला अर्धा देशानं रशियाचं तेल घेतलं म्हणून. कालच मालकांनी मला चालू मागांची यादी करायला सांगितलीय. त्या चौघींतल्या तिघी अजून आमच्याकडंच कांडी भरतात.

मास्तर, कोरियाच्या त्या कर्जाबद्दल अजून लिहा, मला ते नीट समजून घ्यायचंय. माझी पाळी आठची आहे, रात्री येऊन वाचतो.